चिरेसकट खेळलेली बॅट

मित्रांनो, मी एक जुनी बॅट आहे, चिरलेली आहे. पण ‘बिचारी’ म्हणालात तर मला राग येईल.

माझा जन्म वेस्ट इंडिजमधल्या कॅरियाकू या छोट्या बेटावरचा. तिथे उर्बन स्टील होड्या बांधत. एका होडीच्या उरलेल्या लाकडातून त्यांनी मला तासलं, पुतणी ओर्लीनसाठी. आमच्याकडे नवी होडी पाण्यात लोटताना तिला धर्ममाता नेमतात. मलाही नेमली, टँटी इझोला; टँटी म्हणजे आमच्याकडची मावशी. तिने माझ्यावर समुद्राचं पाणी शिंपडलं, क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, “जा बाई, बुडू नकोस.”

ओर्लीन फलंदाजी करी, गोलंदाजीही करी. रोज वाळूवर दोन्ही, प्रार्थनेइतक्याच नेमाने. मग शेजारच्या मोठ्या बेटावर वेस्ट इंडिज संघाच्या निवडीचा सामना ठरला, आणि आदल्याच दिवशी मला उभी चीर गेली. काकांनी होडीला करतात तेच केलं. फटीत कापूस ठोकला, वर पुट्टी, त्यावर लाल रंग!

निवड समितीच्या गृहस्थांनी मला उलटसुलट करून पाहिलं. “ही बॅट आहे की बोट? असली मलमपट्टी नियमात बसत नाही. दुसरी घे, नाहीतर नुसती गोलंदाजी कर. छोट्या बेटाला तेवढंही पुष्कळ झालं.”

सगळे हसले. ओर्लीन नाही हसली.

“मी अर्धी आलेली नाही, साहेब. काका, कापूस काढा.”

“अगं, फुटेल ती!”

“फुटू दे. माझ्या हातात फुटू दे.”

काकांनी पटाशीने कापूस उपसला, रंग खरवडला, दोऱ्याने मला करकचून आवळलं. “दोरा नियमात बसतो,” समितीच्या गृहस्थांना मानावंच लागलं. “बोट असती तर बुडालीच असती,” ते पुटपुटले.

सामन्यात ओर्लीनने आधी गोलंदाजी करून चार बळी घेतले. मग आमच्या डावात शेवटची जोडी मैदानात, त्यात ओर्लीन आणि तिच्या हातात मी, जिंकायला एकोणीस धावा. दर फटक्याला माझी चीर वर सरकत होती. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण मी दुभंगले नाही. शेवटचा चौकार गेला तेव्हा चीर मुठीला भिडली होती.

ओर्लीनची निवड झाली. पुढे अकरा वर्षं ती वेस्ट इंडिजकडून देशोदेशी खेळली, नव्या चकचकीत बॅटी घेऊन. मी होड्यांच्या शेडमध्ये, फाटक्या जाळ्यांखाली पडून रेडिओ ऐकत असे. गुडघा दुखावल्यावर तिला सांगितलं गेलं, गोलंदाजी सोड. रेडिओवर तिचं उत्तर आलं, “मी अर्धी आलेली नाही.” जाळ्यांखाली मी ताठ झाले.

ती निवृत्त होऊन घरी आली, तेव्हा संग्रहालयाचे एक गृहस्थ मला न्यायला आले. “चीर भरू, पॉलिश करू, काचेत ठेवू.”

“चीर भरायची नाही,” ओर्लीन म्हणाली. “आणि ही मोकळी कुठाय? चार वाजता वाळूवर सामना आहे.”

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. तेल लावा, दोरा बदला. पण जपायचं म्हणून कोंडून ठेवू नका. टँटीने मला बुडू नकोस एवढंच सांगितलं होतं. किनाऱ्याला बांधून राहा, असं नव्हतं सांगितलं.

चार वाजले. मला जाऊ द्या.