पाण्याचा वळसा

नवरा गेल्यावर बाईच्या वाट्याला काय काय येतं हे सांगायला नातेवाईक टपलेलेच असतात. घर येतं, कागदपत्रं येतात, आठवणी तर पोत्याने येतात म्हणे. हिच्या वाट्याला खाऱ्या पाण्याची एक टाकी आली.

टाकी बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून लांब, एका भक्कम टेबलावर होती. आत दगड, दगडांवर प्रवाळ, एक नारिंगी मासा आणि दोन कोपऱ्यांत दोन पंप. प्रवाळाला पाणी सगळीकडून, हेलकावत यावं लागतं. एकाच बाजूने थेट झोत बसला तर त्याचं अंग सोलवटून निघतं आणि पाणी पोचलंच नाही तर गाळ बसून ते गुदमरतं. हे तिने नवऱ्याच्या तोंडून इतकी वर्षं ऐकलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा सांगितलं असतं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवायची. तिला या विद्येचा उपयोग शून्य होता, पण संसारात कान बंद ठेवायची सोय नसते.

टाकीतलं एक प्रवाळ त्याने वाटाण्याएवढ्या तुकड्यापासून वाढवलं होतं. जाड देठ आणि टोकाला बोटांसारखे मऊ हिरवे शेंडे, दिवसभर डोलत असणारे. त्या दोघांना मूल नव्हतं, एवढं सांगितलं की त्या प्रवाळाचे किती लाड होत असतील ते कळेल.

तो गेला त्या संध्याकाळी हे प्रवाळ दगडावरून निखळलं होतं. त्याने पाण्याखाली घट्ट होणारा एपॉक्सीचा चिकट लगदा मळला, देठाला लावला, बाही कोपरापर्यंत सरकवली आणि स्टुलावर बसून हात टाकीत घातला. हे काम घाईचं नाही. एपॉक्सी धरेपर्यंत हाताने आधार देऊन बसावं लागतं आणि जरा हललं की सगळं पहिल्यापासून. ती आतून दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्याचं कपाळ काचेला टेकलं होतं, हात कोपरापर्यंत पाण्यात होता आणि मासा नेहमीसारखा त्याच्या मनगटाला चावे घेत होता. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. प्रवाळ मात्र घट्ट बसलं होतं.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ संपली आणि घर रिकामं झालं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की बाकी सगळी प्रवाळं डोलताहेत, हे एकच गप्प आहे. शेंडे आक्रसलेले, देठावर तपकिरी गाळाचा थर. नवऱ्याच्या हातची एवढीच एक जिवंत गोष्ट घरात उरली होती आणि तीही जायला निघाली होती.

तिने टाकीवाल्याला बोलावलं. हा नवऱ्याचा जुना दोस्त, गोल पोटाचा, तोंडाचा पट्टा अखंड चालू. प्रवाह कुठे अडतो ते बघायला त्याने माशांच्या खाद्याची पूड पेल्यात कालवली आणि पंपाच्या तोंडाशी हळूच ओतली. कण पाण्याबरोबर पळत निघाले, प्रवाळाच्या अलीकडे आले आणि दुभंगले. काही वरून गेले, काही खालून, आणि पलीकडे जाऊन पुन्हा एक झाले. मधल्या रिकाम्या पाण्यात एकही कण शिरला नाही.

"पंप फिरवून बघू," तो म्हणाला. त्याने पंप साफ केले, वर चढवले, काचेकडे वळवले. कण कुठूनही आले तरी त्याच जागी वळसा घालत. ती मोकळी जागा पाण्याच्या पृष्ठभागापासून तिरकी खाली प्रवाळापर्यंत जात होती. वर जाड आणि खाली येता येता निमुळती. टाकीवाल्याची बडबड मध्येच बंद पडली, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

"वहिनी, पंपात काही खोट नाही."

"मग कशात आहे?"

त्याने पेला खाली ठेवला. "हे तोडून दुसऱ्या दगडावर लावू या का? तिकडे पाणी चांगलं आहे."

"नको," ती म्हणाली. तिच्या आवाजाने तीच दचकली.

तो पाण्याचा घोटही न घेता निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानात तिने स्वतःचे डोळे मशीनवर तपासून घेतले. नंबर होता तेवढाच होता.

नणंद दर आठवड्याला यायची. भावाहून धाकटी, जिभेला हाड नसलेली, पण वहिनीवर जीव टाकणारी. आल्या आल्या तिचं पालुपद सुरू झालं. "वहिनी, देऊन टाक ही टाकी कुणाला तरी. कामावरून आलीस की तिच्यासमोर बसून राहतेस. तब्येत बघ, काय झालीये." बोलता बोलता तिची नजर टाकीकडे गेली आणि ती थांबली. मासा मोकळ्या पाण्यात एका जागी उभा राहून, डोकं झटकत, कशाला तरी चावत होता.

"दादाला असाच चावायचा," नणंद म्हणाली आणि खाली बसली. त्यानंतर टाकी देऊन टाकायचा विषय तिने काढला नाही.

आणि खरं सांगायचं तर वहिनीला भीती वाटलीच नाही. आनंद झाला, अगदी लाज वाटावी इतका. तिने खुर्ची टाकीला लावली. कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी नवऱ्याला दिवसभराचं सांगायची. एक म्हातारे गृहस्थ डोक्यावरच चष्मा ठेवून हरवलेला चष्मा शोधायला आले, ते सांगितलं. भाजी करपली, ते सांगितलं. प्रवाळ एका बाजूने पांढरं पडत चाललं होतं, मांस सरकून आतलं हाड दिसायला लागलं होतं. तिला दिसत होतं. मेलं तर मेलं, तिने मनाशी ठरवून टाकलं. हे तर आहेत ना घरात.

एका रविवारी सकाळी नणंद आत भांडी लावत होती आणि ती माशाला खाऊ घालत होती. पंप तिने मंद केले होते. कण सावकाश उतरले, त्या न दिसणाऱ्या मनगटाला वळसा घालून खाली गेले आणि तिथे आणखी बारीक फाटे फुटून देठाभोवती फिरले. ती बोटं होती. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, दाब न देता नुसता आधार दिलेला. एपॉक्सी धरेपर्यंत धरतात, तसा.

तेव्हा तिला कळलं. तो तिच्यासाठी राहिला नव्हता. तो अजून काम करत होता. चिकटलं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याच्यासाठी तो असा अवघडून बसला होता, तेच त्याच्या हाताआड गुदमरत होतं, आणि हे समजलं असतं तर त्याला केवढं वाईट वाटलं असतं. आणि ती, सगळं दिसत असून, शेजारी खुर्ची टाकून त्याला भाजीच्या गोष्टी सांगत बसली होती.

तिने बांगड्या वर सरकवल्या आणि हात पाण्यात घातला. वरच्या थरात पंपाचं पाणी तिच्या कोपराला ढकलत होतं. खाली, प्रवाळाशी, पाणी अगदी स्थिर होतं. तिने देठ चिमटीत धरला आणि हलवून पाहिला.

"अहो," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "अहो, बघा. हलतंय का? नाही हलत. पक्कं बसलंय. चांगलं बसवलंत तुम्ही. आता सोडा."

काही झालं नाही. आत नणंदेच्या हातून वाटी पडल्याचा आवाज आला.

"त्याला पाणी लागत नाहीये तुमच्या हातामुळे," ती म्हणाली. "मी बघते त्याचं. खरंच बघते. तुम्ही सोडा."

मग तिच्या मनगटावर वाहतं पाणी आलं. आधी बोटांच्या फटींतून, मग तळव्यावर, मग सगळ्या हाताला ढकलत. तिने मूठ मिटली, पण पाणी काही मुठीत राहत नाही. ती तशीच उभी राहिली, गालांवरून ओघळलेलं हनुवटीपर्यंत येऊ देत. प्रवाळाला आता तिच्या हाताचा आडोसा झाला होता. म्हणून तिने हात बाहेर काढला.

प्रवाळाचा एक शेंडा हलला. मग त्याच्या शेजारचा. मासा त्याच्या नेहमीच्या जागी आला, इकडून तिकडून फिरला आणि दगडामागे निघून गेला.

नणंद दारात येऊन उभी होती. तिने वहिनीचा ओला हात पाहिला, टाकी पाहिली, हलणारे शेंडे पाहिले.

"दादा गेला?" तिने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "आत्ताच."