बिनतक्रारीचे भाडेकरू

“हळू चाला गं, खाली मालक आहेत.”

आईचा हा आवाज मालकीणबाईंच्या कानात लहानपणापासून बसलेला. भाड्याच्या खोलीत वाढलेली पोर ती. निजलेलं बाळ ठेवावं तशी बादली टेकवायची, हसू आलं तर उशीत तोंड खुपसून हसायची. मालक कधी दिसले नाहीत. त्यांचा खोकला तेवढा जमिनीतून वर यायचा, आणि तेवढा पुरायचा.

केस पिकल्यावर ती स्वतःच मालकीण झाली. नवरा गेला आणि मागे खाली राहतं घर, वर भाड्याने द्यायला दोन खोल्या आणि सल्ला द्यायला एक बहीण ठेवून गेला.

ही बहीण, म्हणजे मालकीणबाईंच्या वन्सं, भाडेकरूंच्या शास्त्रात पारंगत. त्यांच्या स्वतःच्या जागेत कुणी भाडेकरू वर्षभर टिकला नव्हता. याला त्या अनुभव म्हणत. भावजय भोळी, तिला कुणीही गुंडाळेल, म्हणून त्या बॅग घेऊन मुक्कामालाच आल्या आणि आल्या दिवसापासून धडे सुरू झाले. भाडेकरूला बसा म्हणायचं नाही, बसला की उठत नाही. त्याच्यासमोर हसायचं नाही, हसलं की तो भाडं थकवतो. दुरुस्ती मागितली तर आपल्याला अलीकडे कमी ऐकू येतं असं दाखवायचं. आणि वर जायचं ते न कळवता, म्हणजे माणूस खरा कळतो. मालकीणबाई मान हलवत. वन्संपुढे हलून हलून ती मान आता स्वतःच्याच मर्जीने हलायची.

पण सगळ्यांत मोलाची होती ती वन्संची परीक्षा. जागा बघायला आलेल्याला सगळीकडे फिरवून आणायचं आणि शेवटी मधाळ आवाजात विचारायचं, काही खटकलं का हो? जो दोष काढेल तो नापास. आज खिडकीला नावं ठेवणारा उद्या कोर्टात खेचणार, हे ठरलेलं.

पहिली आली एक शाळामास्तरीण. तिने सगळे नळ सोडून पाहिले, न्हाणीघराच्या भिंतीवर पालथा तळहात ठेवला आणि म्हणाली, भिंत आतून ओली लागतेय, पाइप कुठेतरी पाझरतोय, आम्ही येण्याआधी बघून घ्याल का? वन्संनी तिला दारापर्यंत पोचवलं ते जवळजवळ ढकलतच. “जागा बघायला आली होती की भिंतीची नाडी?” त्या म्हणाल्या. मग एक रंगारी आला. त्याला खिडकी लागत नाही एवढंच दिसलं, पण तेवढ्यावर तोही गेला.

शेवटी आला एक कंपाउंडर, बायकोला घेऊन. पहिली जागा विकली गेलेली, बाईला दिवस गेलेले, नवी जागा काही केल्या मिळेना. परक्याच्या घरातल्या काचेच्या वस्तू बघाव्यात तशा त्याने हात पाठीमागे बांधून दोन्ही खोल्या पाहिल्या. खटकलं का, म्हणताच तो घाईने म्हणाला की छे, सगळं फारच छान आहे. बायको काही बोलणार होती, तर तो मोठ्याने खाकरला. वन्संनी त्याला पहिल्या नंबराने पास केलं.

आणि भाडेकरू निघाले अगदी सोन्यासारखे. पावलांचा आवाज नाही, भांड्यांचा नाही, तक्रारीचा तर नाहीच. वन्सं गल्लीभर सांगत सुटल्या की माणसं पारखावीत तर अशी. कंपाउंडरची बायको जिन्यात भेटली की मालकीणबाई चुकूनमाकून विचारायच्या, सगळं ठीक ना गं? ती म्हणायची, हो काकू, आणि कठड्याला धरून सावकाश वर जायची. तिच्या पाठीकडे बघताना बाईंना उगाच वाटायचं, काहीतरी बोलायचं राहिलं. कुणाचं, ते कळायचं नाही.

मग मालकीणबाईंच्या पलंगावरच्या छताला डाग आला. आधी नाण्याएवढा, मग ताटलीएवढा. एका सकाळी प्लास्टरचं ढेकूळ त्यांच्या उशीवर येऊन पडलं. नशीब, त्या चहाला उठल्या होत्या. वन्संना तपासाची गरजच नव्हती. वरचे लोक पाण्याची उधळपट्टी करतात, हे आपण पहिल्यापासून सांगत होतो, असं त्यांना आठवलं. महिनाअखेर जागा खाली करून घ्यायची. मालकीणबाईंनी धीर करून विचारलं, त्या पोरीचे दिवस भरत आलेत, अशा वेळी ती जाणार कुठे?

“मग तुम्ही छत्री उघडून निजा,” वन्सं म्हणाल्या. “अशीच माया करत राहा वहिनी, उद्या तेच खाली आणि तुम्ही जिन्यात.”

दोघी वर गेल्या, अर्थातच न कळवता. वन्संनी दार लोटलं.

न्हाणीघराची फरशी कोरडी ठणठणीत होती. नळाला फडकं बांधलेलं. आवारातल्या नळावरून भरून आणलेल्या दोन बादल्या झाकून ठेवलेल्या. दोन्ही खोल्यांच्या भिंतींवर काळी बुरशी चढलेली, म्हणून पलंग खोलीच्या मधोमध ओढलेला, चहूकडून पाण्याने वेढलेल्या बेटासारखा. वर दोरीवर येणाऱ्या बाळाची इवली झबली वाळत होती, म्हणजे वाळायचा प्रयत्न करत होती.

जेवायला घरी आलेला कंपाउंडर ताटावरून उठला. त्याने लगेच माफी मागितली. आंघोळीला तो दवाखान्यात जायचा, तरी आपण यापुढे पाणी आणखी कमी वापरू म्हणाला. न सांडलेल्या पाण्याची इतकी मनापासून माफी कुणी मागितली नसेल.

“बघा, कबूल केलं,” वन्सं म्हणाल्या. “महिनाअखेर निघा.”

मालकीणबाई भिंतीपाशी गेल्या. बोट लावलं तर ते ओलं आणि काळं झालं, पदराला पुसलं तर पदरही काळा झाला. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि पलंगाशी उभ्या असलेल्या कंपाउंडरच्या बायकोला धरून त्यावर बसवलं.

“कुणी कुठे जायचं नाही,” त्या म्हणाल्या. “घर माझं आहे. काय काय सोसलंस ते आता सांग बघू.”

कंपाउंडर खाकरला. बायकोने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

“आलो त्या दिवसापासून भिंत पाझरतेय, काकू. आम्ही नळ बंद ठेवला तरी आतला पाइप भरलेलाच असतो. खिडकी लागत नाही, रात्री वारा छातीत बसतो. यांना मी म्हणत होते सांगू या, तर हे म्हणाले, बोललीस तर बाळंतपण रस्त्यावर होईल.” आधी सुईच्या नेढ्यातून यावा तसा बारीक येणारा तिचा आवाज आता मोकळा झाला होता.

वन्सं पुटपुटल्या, प्लंबर काय, उद्यासुद्धा बोलावता येईल, त्यात एवढं काय.

“आणि अजून एक,” ती वन्संकडे सरळ बघत म्हणाली. “तुम्ही दार न वाजवता आत येता. परवा मी कपडे बदलत होते, ओरडायचं होतं, गप्प बसले. ते मला मुळीच आवडत नाही. पुन्हा यायचं नाही.”