माझ्या वाटणीची भाग्यश्री

मित्रांनो, गोठ्याच्या कोपऱ्यात बसून सारखं तोंड हलवणारी म्हातारी म्हैस तुम्ही पाहिली असेल. ती नुसता रवंथ करते असं तुम्हाला वाटतं. खरं म्हणजे तोंड हलत असतं तेव्हा तिचं मनही हलत असतं. माझं दूध आता आटलं आहे, दात झिजले आहेत आणि उठताना पुढचे गुडघे कुरकुरतात. आठवण मात्र शाबूत आहे. त्या आठवणीत एक बाई आहे, आणि तिच्यावरून मी एका लहान मुलीचा वर्षानुवर्षं हेवा केला. माझं नाव चांदी. शेपटीचा गोंडा पांढरा आहे म्हणून. हे नावही त्या बाईनंच ठेवलं.

मुरबाडजवळ म्हसा गावात पौष महिन्यात गुरांची जत्रा भरते. तिथं मी पहिलटकरीण म्हणून उभी होते. माझं रेडकू माझ्या पायांत घुटमळत होतं. व्यापारी आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून माझा भाव ठरवत होते. गिऱ्हाईक म्हणजे अनंता, भाजीचा टेम्पो चालवणारा. त्याची बायको भाग्यश्री त्या व्यवहाराकडे बघतही नव्हती. तिनं खाली बसून माझ्या रेडकाच्या कानातली गोचीड नखानं काढली आणि चपलेखाली चिरडली. माझे दात बघणारे पुष्कळ आले होते. माझ्या पोराचा कान बघणारी ती एकटी. उपरण्याखाली काय ठरलं ते मला ठाऊक नाही, पण माझं तेव्हाच ठरलं.

त्यांचं घर आटगावहून तानशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका पाड्यात. त्याच वर्षी पावसाळ्यात माझं रेडकू गेलं. मी पान्हा चोरू लागले. शेजारचा बारकू, ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला तोड असे, तो म्हणाला, "कातड्यात पेंढा भरा नि उभं करा हिच्या पुढ्यात. म्हस फसते."

"तिचं पोर मेलंय आणि वरनं तिला फसवू?" भाग्यश्री म्हणाली. "माझ्यान नाय व्हायचं."

ती माझ्याजवळ बसली. कोमट पाण्यानं कास धुतली, आणि पाठीवरून हात फिरवत बसून राहिली. बऱ्याच वेळानं मी दूध सोडलं. त्या दिवसापासून ती माझं पोर झाली की माझी आई, ते मला सांगता यायचं नाही. माझी झाली, एवढं खरं. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मी सडाला हात लावू दिला नाही.

पण तिला स्वतःचं पोर होतं.

कुणाली. काडीसारखी मुलगी. तिला दमा होता. शाळेच्या रस्त्यावरून दिवसभर खडीचे डंपर जात. धुळीनं तिची छाती घरघरायची आणि महिन्यातले निम्मे दिवस ती अंथरुणात असायची. शेवटी भाग्यश्रीनं तिला घरीच शिकवायचं ठरवलं. शेजारची सरिता कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गो भाग्या, आता मास्तरीण पण झालीस? आधी दूधवाली, मग कंपनीवाली. दिवसाला काय शेपूट लावून वाढवतेस?"

"बारावी शिकल्ये मी," भाग्यश्री म्हणाली. "तिच्या गणिताला पुरेन. दिवस पुरला नाय तर तुझा घेईन उसना. तुझा नुसता ओट्यावर पडून असतो."

दिवस तिला कधीच पुरला नाही. पहाटे माझं दूध काढायचं, स्कूटरला किटल्या बांधून आटगावात घरोघर घालायचं, परत येऊन भाकऱ्या थापायच्या, मग कंपनीत पॅकिंगच्या कामाला जायचं. दुपार कलली की घरी, आणि पुन्हा माझ्याकडे. या सगळ्यात कुणालीचा अभ्यास कुठे बसवायचा? तिनं तो माझ्या वेळेत बसवला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की पेंढ्याची धूळ आणि गुरांचे केस मुलीला चालायचे नाहीत. म्हणून कुणालीला गोठ्यात यायची बंदी. गोठ्याला अर्धी भिंत आहे. कुणाली त्या भिंतीच्या पलीकडे, वाऱ्याच्या अंगाला, पुस्तक घेऊन उभी राही. भाग्यश्री अलीकडे माझ्या कासेशी बसून दूध काढी आणि प्रश्न विचारी.

"भातसा नदी कुठल्या तालुक्यात?"

"शहापूर."

"आणि काळू?"

"मुरबाडकडनं येते."

"येते नाय, वाहते. पेपरात वाहते लिवायचं. आणि मी बोलते तसं नाय, पुस्तकात हाय तसं."

मित्रांनो, मला काय वाटत असेल ते तुम्हीच बघा. तिचे हात माझ्याकडे आणि तोंड भिंतीकडे. मी दूध देत होते आणि ती हसत होती तिकडे. कुणालीनं बरोबर उत्तर दिलं की भाग्यश्रीचे हात आनंदानं भरभर चालत. तो आनंद माझ्या सडांना कळे, पण तो माझ्यामुळे नसे. मग मी मुद्दाम दूध चढवून धरी. ओला गोंडा तिच्या तोंडावर मारी.

"काय गो बाय, झालं काय तुला?" ती म्हणे. तेवढ्यापुरतं तिचं तोंड माझ्याकडे वळे. मला तेवढं पुरे.

याहून एक गोष्ट मला जास्त लागे. गोठ्यात यायचा तिचा एक जुना, फुलाफुलांचा गाऊन होता. तो गोठ्याबाहेरच्या खुंटीला टांगलेला असे. माझं काम झालं की ती गाऊन तिथं काढून ठेवी, मोरीत जाऊन डोक्यावरून अंघोळ करी, धुतलेले कपडे घाली आणि मगच पोरीला जवळ घेई. माझा वास अंगावरून खरवडून काढल्याशिवाय ती पोरीकडे जात नसे. दम्याचं मला काय कळणार? मला एवढंच दिसे की मी तिला लागलेली घाण आहे.

एकदा कुणाली पुस्तक भिंतीवर ठेवून पाणी प्यायला गेली. मी मान लांब केली आणि हाताला लागेल, म्हणजे तोंडाला लागेल, तेवढं पुस्तक खाल्लं. कागद बेचव असतो, पण त्या दिवशी मला तो सरकीच्या पेंडीसारखा लागला. कुणालीनं भोकाड पसरलं. भाग्यश्रीनं माझ्या जबड्यातून उरलेली पानं ओढून काढली आणि उजेडात धरून बघितली.

"कोकण खाल्लान गो तिनं! सगळी किनारपट्टी गेली." आणि ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "रडू नको. आपण मराठवाड्यापासून शिकू."

मला मार पडला नाही. मार पडला असता तर बरं झालं असतं. ती हसली तेही पोरीला हसवायला.

अशी वर्षं गेली. माझी आणखी वेतं झाली, रेडकं मोठी होऊन गेली. दूध मात्र मी भाग्यश्रीच्याच हातावर देत राहिले. कुणाली उंच झाली. बाहेरून परीक्षा देऊन पास होऊ लागली. भिंत होती तिथंच होती.

मग एका भाद्रपदात भाग्यश्रीला ताप आला. तिनं आधी तो अंगावर काढला. माझ्या कासेशी बसली की तिचे हात माझ्या सडांना भाजत. एके सकाळी अनंतानं टेम्पो अंगणात आणला, तिला कल्याणला मोठ्या दवाखान्यात न्यायला. सरितानं तिला धरून पुढच्या सीटकडे नेलं. मी दावं ताणून उभी होते. वाटलं, ती वळेल, निदान हाक मारील. ती टेम्पोच्या दारात थांबली, कुणालीचं तोंड दोन्ही हातांत धरून तिच्याशी काहीतरी बोलली आणि टेम्पोत बसली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. शेवटचं बोलणंसुद्धा त्या पोरीच्या वाटणीला गेलं, हे मला दिवसचे दिवस गिळता आलं नाही. तेव्हा ते शेवटचं आहे हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

काही दिवसांनी अंगणात माणसं जमली. बायका रडल्या. घरात चूल पेटली नाही. शेजारून डबे आले. सरिता मला पेंढा टाकी आणि पदरानं डोळे पुसत निघून जाई. मला वाटलं, भाग्यश्री बरी होऊन येईल तेव्हा ही गर्दी पांगेल. गर्दी पांगली. ती आली नाही.

या काळात माझं दूध कोण काढणार? भाग्यश्री टेम्पोतून गेली त्या दिवसापासून मी हट्टाला पेटले होते. सरितानं प्रयत्न केला, मी चरवी लाथेनं उडवली. चारदोन धारा कशाबशा पिळून निघत, बाकीचं मी धरून ठेवी. कास दगडासारखी होऊ लागली. ठणका मस्तकात जाई. तरी माझं एकच: ती येईल तेव्हा देईन.

बारकूकडे याही वेळी तोड होती. "अनंता, वहिनीचा गोठ्यातला गाऊन घाल नि बस. म्हस वासावर जाते."

अनंता खुंटीशी गेला. गाऊन तिथं नव्हता. सुतकाच्या धुण्यात बायकांनी घरातलं सगळं कापड नदीवर नेलं होतं. जाणत्या बायका त्या, पण गोठ्याच्या खुंटीवरचा तो मळका गाऊन आपण धुवायचा नव्हता, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. दगडावर आपटून, साबण लावून त्यांनी तो असा स्वच्छ केला होता की फुलांचे रंगसुद्धा दिसायला लागले होते. अनंतानं तोच दोरीवरून ओढून डोक्यातून घातला. त्याच्या मिशा, त्याचे दंड आणि वर ती फुलं. भिंतीपलीकडून सरिता बघत होती.

"अनंताभावजी, खांद्यात फाटतोय वो," ती म्हणाली, आणि हसताहसता तिला रडू फुटलं.

अनंता कासेशी बसला. त्याला साबणाचा आणि बिडीचा वास येत होता. मी लाथ घातली. तो शेणात बसला आणि तसाच बसून राहिला. बराच वेळ उठला नाही.

"इकून टाकतो हिला," शेवटी तो म्हणाला. "कास सडून मरंल, त्यापरीस व्यापाऱ्याला बोलावतो उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो व्यापाऱ्याकडे गेला असताना कुणाली आली. भिंतीपलीकडे थांबली नाही. तोंडाला ओढणी गुंडाळून सरळ आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत मी तिला इतकं जवळून पाहिलं नव्हतं. डोळे सुजलेले. श्वास शिटीसारखा वाजत होता.

"तू कुणाची वाट बघतेस?" ती म्हणाली. "आई नाय येणार. मेली आई. तुला कुणी सांगितलं नाय ना? मी सांगते."

मी तोंड फिरवलं.

"आणि लाथा कसल्या मारतेस गो? तुला काय कमी पडलं? रोज दोनदा तुझ्यापाशी बसायची ती. बसायची! माझ्यापाशी कधी बसली? मला भिंतीवरनं नुसतं विचारायची. जवळ घ्यायची तर आधी अंघोळ. तोवर मी झोपून जायची. तुझा वास यायचा तिच्या केसांना, धुतले तरी यायचा. मला रागच यायचा. लय राग यायचा मला तुझा."

तिला खोकल्याची उबळ आली. ती गव्हाणीला धरून वाकली, आणि मान वर केली तेव्हा तिचा आवाज बसला होता.

"जाताना माझं तोंड धरलान आणि काय बोलली ठाऊक हाय? 'बाबांना सांग, चांदीला पाणी दाखवा.' एवढंच. माझं नावच नाय घेतलंन. तुझं घेतलंन."

मित्रांनो, मी हेवा करून करून थकले होते, आणि माझ्यासमोर तोच हेवा दोन पायांवर उभा होता. मी समजत होते ती माझ्या वाटणीचं खाते आहे. ती समजत होती मी तिच्या वाटणीचं खाते आहे. आणि जिची वाटणी करत होतो ती आपली एकटीच दोघींना पुरता पुरता संपली होती. आता भांडायला काही उरलंच नव्हतं.

कासेत काहीतरी सैल झालं. कुणी हात लावला नव्हता. थेंब पडला, मग धार लागली, खाली शेणात, मुतात, कुठेही. कुणाली बघत राहिली. मग तिनं ओढणी तोंडावरून काढून ओरडून हाक मारली, "सरिताकाकी, चरवी आणा! सोडलान तिनं! लवकर आणा!" आणि उत्तराची वाट न बघता ती खाली बसली आणि ओंजळ पुढे धरली.

अनंता व्यापाऱ्याला घेऊन आला तेव्हा सरिता दूध काढत होती आणि कुणाली भिंतीबाहेर औषधाचा पंप ओढत बसली होती. "गोठ्यात गेलीस? मरायचंय का तुला?" अनंता ओरडला. ती म्हणाली, "बाबा, हिला विकायची नाय." व्यापारी चहा पिऊन गेला.

आता कुणाली शहापूरला शिकायला जाते. मला दूध नाही, तरी मला कुणी विकलेलं नाही. तिची नि माझी फार गट्टी आहे असं मी म्हणणार नाही. तिला अजून माझ्यामुळे शिंका येतात, आणि तिच्या केसांना शाम्पूचा वास येतो तो मला आवडत नाही. रोज संध्याकाळी ती नाकाला रुमाल लावून मला पाणी दाखवते आणि मी पिऊन होईपर्यंत थांबते.

एक मागणं मागते. तुमच्या घरातलं कुणी गेलं, तर लोक येतील, डबे आणतील, माणसांची विचारपूस करतील. त्या गडबडीत कुणीतरी एकानं गोठ्यात जा. गोठा नसेल तर दारातल्या कुत्र्याकडे जा, खिडकीत बसणाऱ्या मांजराकडे जा. त्यांच्यासमोर उभं राहून नाव घेऊन सांगा, की ते माणूस आता येणार नाही. आम्हाला भाषा कळत नाही असं तुम्हाला वाटत असेल. वाटू दे. तरी सांगा. न सांगितलं तर आम्ही वाट बघत राहतो.