अण्णांची पाहणी

बुधवारी सकाळी अण्णांनी माझ्यापुढं वाटी ठेवली. दुधात शिजवलेले अळीव, वर दोन खारका. मग चष्मा लावून खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.

"बस इथं खाली. भांग बघू दे."

"उशीर होतोय, अण्णा."

"उगवण झाली का नाय, तेवढंच बघतो बाई."

अण्णा बत्तीस वर्षं कृषी सहायक होते. पाचोडच्या आसपासची शेतं त्यांनी पायी पाहिलेली. उन्हाळ्यात माझे केस झडायला लागले, तेव्हा त्यांनी तेल आणलं नाही. पीक पिवळं पडलं की पानं पुसत बसायचं नसतं, मुळाशी काय कमी पडलं ते शोधायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. तपासणीत रक्त कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, फरक दिसायला तीन-चार महिने लागतील असं सांगितलं. रोजची गोळी अण्णाच काढून देत, बाकीचंही त्यांनीच हातात घेतलं. पाचोडच्या बाजारातून अळीव आणि कारळं, शेजारच्या साळूबाईंच्या झाडाचा शेवग्याचा पाला, ताटात रोज लिंबाची फोड. जेवणावरचा माझा चहा बंद. तुमच्या टकलाचं काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ती पडीक जमीन, तिथं खत वाया घालवू नये.

पाहणीचा वार बुधवार. दर बुधवारी ते चष्मा लावून बसत आणि दर बुधवारी मी उशिराचं सांगे. चाळिशी उलटलेली, नवऱ्याचं घर सोडून आलेली मी. तो उघडा पडलेला भांग मी स्वतःसुद्धा आरशात बघत नव्हते. तो बापाला दाखवायचा म्हणजे बाकीचंही सगळं दाखवल्यासारखं वाटायचं.

त्या बुधवारीही अर्धी वाटी ठेवून मी बसनं शहरात, औरंगपुऱ्यातल्या ऑफिसला निघून गेले. कुलूप उघडायला शिपाईसुद्धा आला नव्हता. पायरीवर बसून राहिले. संध्याकाळी अण्णांनी उरलेली खीर गरम करून दिली, ती खाल्ली. भांगाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

गुरुवारी सकाळी अण्णा उठले नाहीत.

सुतकात तेल नाही, कंगवा नाही. दहाव्याला साळूबाईंनी मला न्हाऊ घातलं. पाणी ओतता ओतता त्यांचा हात थांबला. कपाळाच्या कडेनं त्यांनी दोनदा बोटं फिरवली.

"सुरेखा, बारीक बारीक केस फुटल्यात गं. लई." मग हळूच म्हणाल्या, "अण्णा मला इचारायचे. तुमाला दिसलं का काही, म्हणून. मी कुठून बघणार?"

मी तांब्या त्यांच्या हातातून घेतला आणि पुढचं पाणी स्वतःच ओतून घेतलं.

गोळ्यांनी फुटले की अळिवानं, कोण सांगणार. दोन्ही त्यांच्याच हातून पोटात गेलं होतं.

तेरावा झाला, पाहुणे गेले. पुढच्या बुधवारी डब्याच्या तळाशी उरलेले अळीव मी शिजवले. जरा करपले. अख्खी वाटी संपवली. मग केस मोकळे सोडून त्यांच्या खुर्चीपुढं खाली बसले. खुर्चीच्या हातावर चष्मा तसाच होता.

मी मान खाली घातली.

"बघा, अण्णा," मी म्हणाले. "मला कधीच उशीर होत नव्हता."