चार्जिंगचा दिवा

बाईनं गाडी चालवली की बॅटरी उतरते, असं कुठल्या शाळेत शिकवतात ते मला जरा सांगा. कारण आमच्या घरात होळीपासून हाच धडा चालला होता आणि गिरवायला मी एकटी.

जीप आमची जुनी. आमचे हे ट्रेलरवर असतात, आज सुरत तर उद्या हुबळी, त्यामुळे जीप मीच चालवते. गाव आमचं पाथर्डी रोडला, भिंगारच्या अलीकडं. गावातल्या बायका भिंगार ओलांडून नागापूरला एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जातात. त्यांना सकाळी घेऊन जायचं आणि शिफ्ट सुटली की परत आणायचं, हे माझं काम. लायसन आहे, बॅज आहे, आजवर कुणाला साधं खरचटलेलं नाही. तरीपण गाडी बंद पडली की चूक कुणाची? बाईची!

होळीनंतर हे सुरू झालं. सकाळी चावी फिरवली की नुसतं 'टक' वाजायचं आणि गाडी गप्प. मग गाडीतली छबूबाई आणि बाकीच्या बायका साड्या खोचून धक्का मारायच्या, तेव्हा कुठं गाडी सुरू व्हायची. बिचाऱ्या बसायला आलेल्या, ढकलायला नाही. पहिल्यांदा सासरे म्हणाले, "रातच्याला लाईट चालू ठेवली असंल." सासऱ्यांचं नाव काकासाहेब, पण आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो. मी म्हटलं, "मामा, लाईट मी स्वतः बंद केली." तर म्हणे, "मंग टेप चालू असंल." टेप गाडीत नाहीच! ज्या गाडीत टेप नाही तो टेप मी चालू ठेवला, घ्या आता.

बॅटरी बदलली. नवी बॅटरीही आठवड्यात उतरली. साप सोडून भुई धोपटायचा प्रकार.

आणि खरा संताप कशाचा, तर धाकट्या दिरानं, अजिनाथनं, गाडी नेली की ती गुमान चालायची. हा पठ्ठ्या गाडीत बसला की आधी ॲक्सिलरेटर असा दाबणार की शेजारच्या कोंबड्या उडून भिंतीवर बसतात. सगळ्या आळीला कळलं पाहिजे ना, साहेब निघाले! त्यानं फिरवून आणलेली जीप दुसऱ्या दिवशी एका चावीत सुरू व्हायची. मग पारावर बसून सांगायला मोकळा, "गाडीला मालक कळतो. वहिनीच्या हाताला ती चालायची न्हाई." कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तरी कावळा फांदी मोडल्याची फुशारकी मारतो, तशातली गत.

मी कशी चालवते? सावकाश. मागं बायका बसलेल्या असतात, कुणाच्या मांडीवर डबा, कुणाची कंबर धरलेली. खड्डा आला की दुसरा गिअर. डिझेल काय पाण्याच्या भावानं मिळतं का? तर हाही गुन्हाच झाला.

त्यात एक दिवस भिंगारच्या बाजारात गाड्यांची कोंडी झाली. क्लच पटकन सुटला, गाडी बंद पडली आणि चावी फिरवली तर तेच 'टक'. मागून हॉर्नवर हॉर्न. एक जण काच खाली करून ओरडला, "ताई, येत नसेल तर घरी पोळ्या लाटा ना!" मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पण नागापूरला पोचेपर्यंत कंपनीचं गेट बंद झालं होतं. सगळ्यांचा खाडा पडला. छबूबाई मला काहीसुद्धा बोलली नाही, गेटसमोर उन्हात पदर डोक्यावर घेऊन बसून राहिली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मामांनी निकाल दिला. "आता पुन्यांदा बंद पडली, की चावी अजिनाथकडं. बायांची ने-आन त्यो करील." अजिनाथ हसत होता. त्याला बायकांची ने-आण करायचीच नव्हती, त्याला लग्नाच्या वराती हव्या होत्या. बायकांनी मग कामावर कसं जायचं? पायी? मी ह्यांना फोन लावला. हे म्हणाले, "जाऊ दे ना, दे चावी. घरात कटकट नको." वा रे वा! कटकट कुणाची आणि चावी कुणी द्यायची? ती चावी गेली की मी पुन्हा दुसऱ्याच्या रानात खुरपायला, हे ह्यांना सुरतेत बसून कसं कळणार. मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी बायकांना कंपनीत सोडलं आणि तशीच नागापुरातल्या अवधूतच्या दुकानात गेले. अवधूत गाड्यांचं वायरिंग करतो, हात चांगला आहे. त्यानं गाडी चालू ठेवून बॅटरीला व्होल्ट मोजायचा मीटर लावला. आकडा बारावर, आणि हळूहळू खालीच चाललेला. म्हणजे बॅटरी भरत नव्हती, नुसती खर्च होत होती. मग त्यानं जोरात रेस दिली. आकडा टुणकन चौदावर गेला आणि रेस सोडली तरी तिथंच राहिला.

"बॅटरी भरणारा आल्टरनेटर एकदम चांगला आहे, मॅडम," अवधूत मीटर गुंडाळत म्हणाला. "तुम्ही रेस देत नाही ना, म्हणून होतंय. जरा दाबून चालवत जा."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, "अवधूत, नवीन गाडी शोरूममधून निघते तेव्हा काय कोंबड्या उडवत निघते? गाडी चालू झाली की चार्जिंग सुरू झालंच पाहिजे, रेस द्या नाहीतर नका देऊ. मी बाई आहे म्हणून मला हे सांगतोस. समोर मिशीवाला असता तर तू गाडीखाली शिरला असतास."

तो चपापला. म्हणाला, "तसं नाही ताई. बरं, चालवताना चार्जिंगचा लाल दिवा लागतो का?"

"नाही."

"मग सगळं ठीकच आहे."

"चालवताना सोड. गाडी सुरू करायच्या आधी नुसती चावी फिरवली की तरी तो लागायला पाहिजे ना? मला गाडी शिकवली तेव्हा ह्यांनी पहिलं तेच दाखवलं होतं. चावी फिरव, लाल दिवा लागेल. गाडी सुरू झाली की विझेल."

"मग लागतो ना?"

मी वाकून बघायला गेले आणि तिथंच अडले. कारण तो लागतो की नाही हे मला दिसतच नव्हतं. गाडीच्या स्पीडच्या मीटरच्या बरोबर समोर कानिफनाथांची मूर्ती चिकटवलेली होती. अजिनाथनं होळीला मढीच्या यात्रेतून आणून स्वतःच बसवलेली, भोवती लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ. चावी फिरवली की माळ लुकलुक करायला लागते. एवढ्या लुकलुकाटात मागचा दिवा कोण बघतंय?

अवधूतनं हात जोडले आणि बाजूला उभा राहिला. "ताई, देव आहे. मी नाही हलवणार."

मीसुद्धा हात जोडले. म्हटलं, नाथा, राग धरू नको, पण माझ्या पोटावर पाय यायला लागलाय. आणि मूर्ती हलक्या हातानं सोडवून डाव्या बाजूला ठेवली. चावी फिरवली. ऑइलचा दिवा लागला, चार्जिंगचा नाही. मग मात्र अवधूतनं आपणहून गाडीचा मीटर उघडला. लाल दिव्याच्या जागी भोकच! दिवा उपटून मागं वायरीला लोंबकळत ठेवलेला आणि तिथला करंट देवाच्या माळेला जोडलेला.

"कुणी केलं हे?" अवधूत कपाळावर हात मारून म्हणाला. "ताई, हा दिवा नुसता दिसायला नसतो. ह्याच्यातूनच आल्टरनेटरला पहिला करंट जातो. दिवा काढला की आल्टरनेटर झोपलेलाच राहतो. जोरात रेस दिली तर दचकून उठतो, नाहीतर घोरत पडतो."

म्हणजे बघा! अजिनाथच्या हाताला गाडी चालायची ती ह्यामुळं. ह्यानंच दिवा उपटायचा, ह्यानंच बोंबलत गाडी पळवायची आणि ह्यानंच पारावर बसून माझी अब्रू काढायची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. रडू आलं मला, रागानं आलं. आठ-दहा बायकांनी साड्या खोचून गाडी ढकलली ती ह्या लुकलुकाटापायी!

अवधूतनं दिवा जागेवर बसवला. देवाच्या माळेला वेगळी वायर दिली, वेगळा फ्यूज टाकला. देवाचा उजेड कमी झाला नाही, हे नीट ध्यानात घ्या. मूर्ती डावीकडं चिकटवली, पुन्हा नमस्कार केला आणि गाडी रेस न देता सुरू केली. लाल दिवा लागला, विझला, अवधूतचा मीटर चौदावर. अवधूत म्हणाला, "मघाशी बोललो ते मनावर घेऊ नका." म्हटलं, "घेतलं नसतं तर तू मीटर उघडला असतास का?"

शिफ्ट सुटल्यावर बायकांना घेऊन गावात आले. वाटेत सगळ्यांना सांगितलं. छबूबाई म्हणाली, "आज आमाला उतरायची घाई न्हाई. चल, तुझ्या दारापत्तुर येतो."

दारात मामा बाजेवर बसले होते, अजिनाथ मोबाईल बघत होता. त्याचं लक्ष आधी मूर्तीकडंच गेलं.

"देव कुणी हलवला?"

"मी," म्हटलं. "आणि तुम्ही काय हलवलं होतं ते आता बघा, भावजी." मामांना हाताला धरून गाडीजवळ आणलं. चावी फिरवली, लाल दिवा दाखवला. पाय ॲक्सिलरेटरवरून काढून जमिनीवर ठेवला आणि गाडी सुरू केली. दिवा विझला. मग सगळं सांगितलं, वायरीपासून भिंगारच्या हॉर्नपर्यंत.

मामांनी वाकून दिव्याच्या जागेवर बोट फिरवलं. त्यांना कळलं होतं. माणसाला कळलं की चेहऱ्यावर दिसतंच. अजिनाथ म्हणाला, "मला काय सपान पडलं हुतं का त्या दिव्यानं गाडी बंद पडंल म्हनून!" आणि मामा काय म्हणाले असतील?

"ते असू दे. पन देवाला हात लावायच्या आधी घरात इचारायचं हुतं. चावी आन इकडं. काई दिस अजिनाथ चालवंल."

मी हबकलेच. छबूबाई मागून कडाडली, "आवं काकासाहेब, ज्यानं वायर तोडली त्याच्या हातात चावी, आन् जिनं जोडून आनली तिच्या हातात काय, केरसुनी?"

मामा तिच्याकडं बघेनात. हात मात्र पुढं केलेलाच होता.

मी गाडी बंद केली, चावी काढली आणि तळहातावर ठेवली. म्हटलं, "देते. आत्ता देते. एकच अट आहे. गाडी बंद पडायची ती वहिनीमुळं, असं भावजींनी सगळ्या गावाला सांगितलंय. आता ह्या बायकांसमोर एकदाच म्हणायचं, 'चूक माझी होती.' एवढं म्हणा आणि चावी घेऊन जा. मी पुन्हा मागणार नाही."

मामांनी अजिनाथकडं बघितलं. मामांनासुद्धा वाटलं असणार की हा म्हणून टाकेल, दोन शब्दांत काय जातंय. अजिनाथनं चावीकडं बघितलं, बायकांकडं बघितलं. मग मोबाईल खिशात घातला आणि घरात निघून गेला.

मामांचा हात हळूहळू खाली आला.

चावी माझ्याकडंच आहे. रोज बायकांना नेते, सावकाश नेते. आणि देवाशपथ सांगते, तो म्हणाला असता ना, तर मी चावी दिली असती. दुसऱ्या दिवसापासून खुरपं घेऊन रानात गेले असते. अख्खी जीप त्याला फुकटात मिळत होती, फक्त बाईसमोर 'चुकलं' म्हणायचं होतं.