रुसायला एक खोली

शहराबाहेरच्या नव्या इमारतीत कुणी घर घेत नव्हतं. बिल्डरने जाहिरातीत छापलं होतं, ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’. लोक येत, अर्धा तास पायपीट करत आणि शिव्या घालून परत जात. शेवटी जाहिरात लिहिणाऱ्या बाईंनी ते वाक्यच खोडलं. त्या स्वतः सासूबाई, दीर, जाऊ आणि पोरांसह दोन खोल्यांत राहत. जावेशी वाजलं की रुसायलाही मोरीशिवाय जागा नसे. त्यांनी लिहिलं, ‘लांब आहे, खोटं कशाला सांगू? पण त्याच पैशात रुसून बसायला एक खोली जास्त मिळेल.’

“लोक हसतील हो,” बिल्डर म्हणाला.

“हसू देत. घरोघरी मातीच्याच चुली.”

रविवारी तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही. एक आजोबा त्या जास्तीच्या खोलीत शिरले, आतून कडी लावून पाहिली आणि बाहेर येऊन म्हणाले, “ठरलं. घर घेतो.”

“घ्या,” आजी म्हणाल्या, “पण ही खोली माझी.”

संध्याकाळपर्यंत एकच घर उरलं. ते बाईंनी सकाळीच स्वतःसाठी राखून ठेवलं होतं, आणि जाऊ आत पडद्यांची मापं घेत होती.