सेंट ऑस्वल्डचा चहाचा बंब

मित्रांनो, मी एक जुना चहाचा बंब आहे. अंग तांब्याचे, तोटी पितळेची, आणि पोटात एका वेळी शंभर कपांचे पाणी मावते. तापायला मला चाळीस मिनिटे लागतात. घाई करणाऱ्यांशी माझे कधीच जमले नाही.

जन्म बर्मिंगहॅमचा, पण हयात गेली ती ब्रॅकनशॉ गावात. तिथल्या सूतगिरणीच्या उपाहारगृहात मी लागलो, तेव्हा गावात सात धुराडी होती. यंत्रांच्या धडधडाटाने गिरणीतल्या बायकांचे कान गेलेले असत, म्हणून त्या एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलत. माझ्या तोटीवर सोळा वर्षांची आयरीन असे. कुणाला कडक लागतो, कुणाला दोन चमचे साखर, हे तिला एकदा पाहिले की पाठ होई.

पुढे गिरणीला कायमचे टाळे लागले. मी भंगारात जाणार होतो. आयरीनने मॅनेजरला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "नेतेस तर ने." बहिणीच्या बाबागाडीत घालून तिने मला चढावरच्या सेंट ऑस्वल्ड चर्चपर्यंत ढकलत नेले. वाटेत मी एकदा गडगडलो. डाव्या कुशीतला पोचा तेव्हाचा.

चर्चच्या सभागृहात मी बावन्न वर्षे काढली. बाप्तिस्मे झाले, लग्ने झाली, आणि पुढे पुढे अंत्यविधीच जास्त झाले. गावातली दुकाने एकेक करून मिटली. मग दर गुरुवारी दुपारी कुणीही यावे आणि गरम जेवावे, अशी प्रथा पडली. पिठाच्या पारीत भाजलेले मटण-बटाटे, घेवड्याच्या शेंगदाण्याएवढ्या बिया सॉसमध्ये शिजवलेल्या, आणि वर माझा चहा. व्हिकार, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले, गेले. मधली दोन वर्षे तर चर्चला व्हिकारच नव्हता. गुरुवार मात्र एकही चुकला नाही, कारण आयरीन चुकली नाही.

मग इंग्लंडच्या दक्षिणेकडून फिलिपाबाई व्हिकार म्हणून आल्या. तीन चर्च त्यांच्या एकटीच्या गळ्यात होती, आणि तिन्हींची छपरे गळत होती. बाई मनाने चांगल्या, हे मी आधीच सांगतो. तिसऱ्याच गुरुवारी त्यांनी पाहिले की अठ्ठ्याहत्तर वर्षांची आयरीन लंगडत लंगडत कपांचा ट्रे उचलते आहे. त्यांनी सगळ्यांसमोर तो तिच्या हातातून घेतला.

"आयरीन, पुष्कळ केलंत. आता बसा. यापुढे तुम्ही पाहुण्यासारखं यायचं, चहा आम्ही देऊ."

फुलांचा गुच्छ दिला गेला, टाळ्याही झाल्या. आयरीन हसली, खुर्चीत बसली, दुसऱ्याच्या हातचा चहा प्यायली. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. रविवारच्या प्रार्थनेलाही आली नाही.

माझ्या जागी बटणांचे नवे यंत्र आले. या चर्चमधला साधा बाक हलवायचा तरी वरून परवानगी आणावी लागते. मला हलवायला कुणाचीच लागली नाही. नाताळच्या देखाव्यातल्या लाकडी मेंढ्यांशेजारी कपाटात मी पडून राहिलो. वाईट वाटले, लपवत नाही. पण त्याहून वाईट वाटत होते ते आयरीनचे, कारण मी निदान मेंढ्यांमध्ये होतो. ती घरात एकटीच होती.

कपाटाचे दार नीट लागत नसे, म्हणून एक दिवस बाहेरचे बोलणे कानावर आले. फिलिपाबाई चर्चची व्यवस्था पाहणारे वॉर्डन क्लिफर्ड यांना आयरीनबद्दल विचारत होत्या. क्लिफर्ड एकेकाळी गिरणीतले फिटर होते.

"दोनदा घरी गेले मी. 'बरी आहे' म्हणतात आणि दार लावतात. माझं काय चुकलं?"

"तुम्ही तिला बसवलंत."

"अहो, त्यांचे गुडघे किती दुखतात."

"गुडघे तिचे आहेत ना?" क्लिफर्ड म्हणाले. "या गावात बाहेरची माणसं येतात, आमचं भलं करतात, फोटो काढतात आणि जातात. त्याची आम्हाला सवय झालीये. पण आयरीनचं काम आजवर एकदाच कुणी काढून घेतलं होतं, गिरणीनं. त्यांनी निदान फुलं दिली नव्हती."

फिलिपाबाईंची पावले माझ्या दिशेने आली. मग कपाट उघडले, आणि थोड्याच वेळात मी त्यांच्या गाडीतून आयरीनच्या दाराशी पोचलो.

"मी तुम्हाला विचारलंच नाही," त्या दारातच म्हणाल्या. "परस्पर ठरवून टाकलं. चुकलं माझं."

आयरीनने त्यांच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. झाकणावरून बोट फिरवले.

"कोरडा ठेवलात ना याला? तोटीचा वायसर सुकला असणार." मग ती म्हणाली, "त्या यंत्राचा चहा कसा होतो?"

"लोक अर्धा टाकतात."

"टाकणारच." आयरीनचा चेहरा जरा सैल झाला. "येईन मी. पण माझ्या हाताखाली राबावं लागेल. जड उचलायचं ते तुम्ही. गुरुवारी सकाळी साडेआठला या, आणि ती गळ्यातली पाद्र्यांची पांढरी कॉलर काढून ठेवा, भिजते."

त्या गुरुवारी फिलिपाबाई साडेआठला हजर होत्या. दुपारी रांगेत टेरेन्स होता. त्याचे काम सुटून वर्ष होत आले होते. दर आठवड्याला यायचा, मान खाली घालून जेवायचा, कुणाशी न बोलता निघून जायचा. आयरीनने त्याच्या खांद्यावर फडके टाकले.

"नुसता उभा काय राहतोस? कप पूस."

त्याने साठ कप पुसले. एकही फोडला नाही. जाताना दारातून परत फिरला आणि म्हणाला, "पुढच्या गुरुवारी किती वाजता येऊ?"

"साडेआठ," आयरीन म्हणाली. "उशीर चालणार नाही."

इतके गुरुवार मी त्याला चहा दिला होता, पण त्याला मान वर करून बोलताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मित्रांनो, मला जपायचे असेल तर घासूनपुसून कपाटात ठेवू नका, माझ्यात पाणी भरा. आणि तुमच्या घरातल्या थकल्या माणसाच्या हातून ट्रे घेण्याआधी, घेऊ का, एवढे त्याला विचारा.